मुराळ्याची गाडी

नामदेवराव बिरादारांची गाडी तापते, ही गोष्ट नारायणगुड्यात सगळ्यांना ठाऊक होती. फक्त नामदेवरावांना ती मान्य नव्हती. "उन्हाळाच कडक आहे," असं ते म्हणायचे. एप्रिलच्या हैदराबादेत माणसाचं डोकं तापतं, गच्चीवरची टाकी तापते, न्हाणीघरातल्या नळाला थेट चहापत्ती टाकावी असं पाणी येतं. मग एका बिचाऱ्या गाडीनेच थंड का राहावं? नामदेवरावांनी उभी हयात वीज खात्यात काढली होती. ट्रान्सफॉर्मर तापून मोहल्ला अंधारात गेला की लोकांना ते हेच उत्तर द्यायचे, आणि एकाही माणसाचं त्याने कधी समाधान झालेलं नसूनही त्यांचा त्या उत्तरावरचा विश्वास उडालेला नव्हता.

यंदा मात्र गाडी तापते हे त्यांना मान्य करावं लागलं, कारण प्रश्न अक्काचा होता.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण सावित्रीबाई. कुकटपल्लीला मुलाकडे, हर्षवर्धनकडे, राहायची. उदगीरकडची शेती वाटण्या होऊन संपली, आईवडील गेले, आणि माहेर म्हणून उरला तो नारायणगुड्यातला नामदेवरावांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. दर अक्षय तृतीयेला अक्का तिथे यायची, पितरांना आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवायची, त्याआधी वर्षाचा पहिला आंबा तोंडाला लावायची नाही, आणि पुढे आठ-पंधरा दिवस राहून सगळ्यांना धारेवर धरायची.

पण ती अशी उठून येत नसे. सासुरवाशिणीला माहेरून कोणीतरी न्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याने यावं, चहा घ्यावा, घरच्या मोठ्यांना "नेऊ का?" म्हणून विचारावं, मग बाईने पिशवी उचलावी. आता अक्काची सासू जाऊन जमाना लोटला होता आणि घरातलं मोठं माणूस ती स्वतःच होती, त्यामुळे नामदेवराव अक्काला न्यायची परवानगी अक्कालाच विचारायचे आणि अक्का थोडे आढेवेढे घेऊन ती द्यायची. एकदा हर्षवर्धन म्हणाला, कॅब करून देतो. अक्का म्हणाली, "भाड्याच्या गाडीत घालून पाठवायला मी काय सामान हाय?" मेट्रोचं नाव काढलं तर म्हणाली, खांबावरून माहेरी जात नसतेत.

मागच्या वर्षी मुराळ्याची फजिती झाली. अक्काला घेऊन निघालेली गाडी एर्रागड्ड्याच्या गर्दीत अशी तापली की बॉनेटखालून वाफा निघाल्या. अक्का भर उन्हात दुभाजकाच्या कट्ट्यावर पदर घेऊन बसली, तिला घेरी आली, हर्षवर्धन धावत आला आणि तिला परत कुकटपल्लीला घेऊन गेला. अर्ध्या वाटेवरून बहीण परत गेली. नामदेवरावांनी त्या वर्षी नैवेद्य एकट्याने दाखवला आणि मोसम संपेपर्यंत आंबा खाल्ला नाही. "शुगर आहे," असं ते बायकोला, तारामतीबाईंना, म्हणाले. तारामतीबाईंनी ऐकून घेतलं.

आणि आता हर्षवर्धनची बदली नोएडाला झाली होती. जूनमध्ये बिऱ्हाड हलणार, अक्का सोबत जाणार. अठ्ठ्याहत्तरीच्या बाईला तिथून परत कोण आणणार आणि ती कशी येणार? हे कोणी बोललं नाही, पण ही शेवटची अक्षय तृतीया हे दोन्ही घरांत सगळ्यांना कळत होतं. नामदेवरावांना तर ते दिवसातून दहादा कळायचं; दाढी करताना, दूध आणताना, उगाचच.

अशात हर्षवर्धनचा फोन आला.

"मामा, नाराज नक्को होऊ, पर मागल्या साली आईचं बीपी कुठल्या कुठं गेलतं. यंदा तुम्ही आलात की पहिले मी बॉनेटला हात लावून बघणार. चटका बसला की बात खतम. आई घरीच बसतील."

ज्या भाच्याला आपण कडेवर घेऊन नुमाइशीची जत्रा दाखवली, तो आता मुराळ्याच्या गाडीचा ताप बघणार! नामदेवरावांनी फोन ठेवला आणि खाली जाऊन बॉनेटला स्वतः हात लावून पाहिला. गाडी सकाळपासून हललेलीही नव्हती. तरी चटका बसला.

गाडी तापते म्हटलं की हैदराबादेत सल्ला द्यायला परवाना लागत नाही. इस्त्रीवाला म्हणाला, हिरवं कूलंट काढून गुलाबी टाका. दूधवाला म्हणाला, गुलाबीमुळेच तापते, हिरवं टाका. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी गाडीला पांढरा रंग द्यायला सांगितलं. गाडी पांढरीच आहे हे दाखवल्यावर ते म्हणाले, अजून पांढरा. तारामतीबाईंनी फक्त एवढंच सुचवलं की गाडी विकावी. या सल्ल्यावर कोणीच चर्चा केली नाही.

शेवटी नामदेवराव त्यांच्या नेहमीच्या मस्तानभाई मेकॅनिककडे गेले. मस्तानभाईंनी बॉनेट उघडलं, जुन्या मित्राच्या आजारपणाला आल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "साब, इंजन एकदम फस क्लास है. सैलेंसर का पाइप गरम होरा, उसकी गर्मी बॉनेट के अंदर घूम री. पाइप कू पट्टी बांध देतूं. टेन्शन नक्को लेव."

मग त्यांनी कसलीशी जाड करडी पट्टी त्या पाइपाला, हाड मोडलेल्या पायाला बांधावी तशी, गच्च गुंडाळली. "पैले पैले थोडा धुआँ मारती," ते जाता जाता म्हणाले, "घबराव नक्को." नामदेवराव घाबरले नाहीत. त्यांनी घरी येऊन पार्किंगमध्ये गाडी लावली, पट्टी नीट तापावी म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि ते पाणी प्यायला वर गेले. धुराबद्दल बाकीच्या इमारतीला सांगायचं तेवढं राहून गेलं.

सोसायटीचे सेक्रेटरी सत्यनारायण गारू, म्हणजे आपल्याकडचे सत्यनारायणराव, यांनी पार्किंगमध्ये वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या, आणि टांगल्या त्या दिवसापासून ते एका आगीची वाट पाहत होते. नामदेवरावांच्या बॉनेटखालून धुराचे लोट येताना दिसले तेव्हा त्यांच्या आयुष्याचं चीज झालं. "अय्यो, मंटलु! मंटलु!" असं ओरडत त्यांनी आगीच्या ज्वाळांची साऱ्या इमारतीला वर्दी दिली, वॉचमनकडून बॉनेट उघडवलं आणि एकामागून एक तीन बादल्या वाळू इंजिनावर ओतली. नामदेवराव जिना उतरून आले तेव्हा गारू कमरेवर हात ठेवून घाम पुसत होते. "टाइम पे आया मैं," ते म्हणाले. "नै तो गाडी गया था आपका."

त्यांचे आभार मानावेत की काय करावं, हे नामदेवरावांना कळेना. शेवटी त्यांनी आभार मानले. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की रहिवाशांनी पार्किंगमध्ये गाडी पेटवू नये, आणि ज्याच्यामुळे बादल्या रिकाम्या झाल्या त्याने त्या भरून द्याव्यात. नामदेवराव वाळू शोधत फिरले. हिमायतनगरात एक बांधकाम चालू होतं, तिथला मुकादम म्हणाला, वाळू आता कोण वापरतो, दगडाची भुकटी न्या. त्यांनी ती आणली. गारूंनी चिमटीत घेऊन पाहिली आणि नियमात वाळू लिहिलंय, भुकटी लिहिलेलं नाही, म्हणून परत केली. चाळीस वर्षं याच पद्धतीने लोकांचे अर्ज परत करणारे नामदेवराव त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्या बाजूला उभे होते. बाजू आवडण्यासारखी नव्हती.

इथे विजय पुढे आला. हा तिसऱ्या मजल्यावरचा, पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा मुलगा. मुलगा म्हणजे चाळिशीचा. स्वभावाने फार चांगला, फक्त त्याला कोणत्याही विषयावरचं मत आधी मिळायचं आणि विषय नंतर.

"काका, तुम्ही मोजमापच केलेलं नाहीये," तो म्हणाला. "मोजल्याशिवाय उपाय कसा करणार?" आणि त्याने बंदुकीसारखा दिसणारा एक थर्मामीटर मागवला. तो रोखून धरला की लांबूनच तापमान दाखवायचा. दोन दिवस विजय पार्किंगमध्ये वाकून गाडीवर नेम धरत असे आणि वॉचमन खांबामागे उभा राहत असे. मोजमापातून निष्कर्ष निघाला की बॉनेटखाली गरम आहे.

"गरम हवा वर जाते, काका. तिला वाट दिली पाहिजे. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली जाड वॉशर टाकू. काचेच्या बाजूने बोटभर फट राहील. हवा भसकन बाहेर!"

वॉशर टाकले. फट झाली. नामदेवराव तारामतीबाईंना घेऊन आंबे बघायला म्हणून निघाले आणि त्यांनी एसी लावला. हवा फटीतून भसकन बाहेर येत होती, विजयचं एवढं खरं ठरलं. पण एसीला लागणारी हवाही तिथूनच, काचेखालच्या जाळीतून, आत घेतली जाते, हे त्याला नंतर आठवलं. इंजिनाचा सगळा कढ, जळक्या तेलाचा वास आणि सत्यनारायण गारूंची थोडी बारीक वाळू असं सगळं मिळून तारामतीबाईंच्या तोंडावर येऊ लागलं.

"अहो, एसी लावलाय का माझा पापड भाजायलाय?" त्या म्हणाल्या, आणि चौकात उतरून रिक्षाने घरी गेल्या.

वॉशर काढताना विजय ओशाळला होता. "काका, अगदीच वेळ आली ना, तर हीटर पूर्ण लावायचा," तो म्हणाला. "इंजिनातली उष्णता आत ओढून घेतो तो. इंजिन वाचतं."

"आणि माणसं?"

"माणसांचं... खिडक्या उघड्या ठेवायच्या."

अक्षय तृतीया तोंडावर आली तेव्हा नामदेवरावांना स्वतःचीच एक कल्पना सुचली. दुसऱ्याच्या कल्पनांनी झालेलं नुकसान माणूस विसरतो. स्वतःच्या कल्पनेने झालेलं जन्मभर सांगतो. त्यांना आठवली लहानपणची तहसील कचेरी. वडील शेतसाऱ्याच्या कामाला जाताना दोघा भावंडांना कधी बैलगाडीतून बरोबर न्यायचे. कचेरीच्या दारांना वाळ्याच्या ताट्या असायच्या, शिपाई त्यांच्यावर पाणी मारायचा, आणि आतल्या साहेबाला गार वारा लागायचा. अक्का त्यांना उचलून त्या ओल्या ताटीला नाक लावायला द्यायची. शिपाई हाकलायचा, ती पुन्हा न्यायची. त्या वासात अक्काच्या हाताचाही वास होता. आता तो सांगायचा कुणाला? ज्याला सांगावं असं माणूस जूनमध्ये नोएडाला चाललं होतं.

ताटीने साहेब गार होतो तर इंजिन का होऊ नये?

कूलरच्या दुकानातून त्यांनी वाळा आणला, तारेवर बसवून बेतशीर ताटी केली आणि गाडीच्या नाकासमोर सुतळीने आवळली. वरून सलाईनची बाटली टांगून थेंब थेंब पाण्याची सोय केली. गाडी सुरू केली आणि पार्किंगमध्ये असा काही सुगंध पसरला की तारामतीबाईही खाली आल्या. "वास मात्र झकास," त्या म्हणाल्या. नामदेवरावांचा ऊर भरून आला. ते चाचणीसाठी हिमायतनगरकडे निघाले.

ताटीमुळे इंजिनाला मिळायची तेवढीही हवा बंद झाली होती, हे त्यांना सिग्नलवर समजलं. तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटखालून वाफ सुटली आणि ती वाळ्यातून गाळून निघाल्यामुळे सगळा चौक घमघमला. स्कूटरवरच्या एकाने थांबून विचारलं, "चाचा, शरबत मिल्ता क्या?" तेवढ्यात ट्रॅफिक पोलीस आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"चाचा, ये क्या है? गाडी कू पर्दा?"

"पर्दा नहीं. ताटी है. खस की."

"अच्छा. और नंबर प्लेट कां है?"

"ताटी के पीछे," नामदेवराव म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना आपली बाजू पडल्याचं समजलं. पोलिसाने अदबीने त्यांना गाडी कडेला घ्यायला लावली, फोटो काढला आणि चलान पाठवून दिलं. तो माणूस आपल्या कामात अगदी चोख होता. पण चलान गेलं ते गाडीच्या कागदांवर नोंदलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल, मामांना ऑनलाइन जमत नाही म्हणून स्वतःचा नंबर देणाऱ्या हर्षवर्धनचा होता.

वाफ विरायच्या आधी फोन वाजला.

"मामा, फोटो आलाय. गाडीला दाढी आली का?"

नामदेवरावांनी सांगायचा प्रयत्न केला. पलीकडे बराच वेळ हसणं चाललं होतं, आणि मग ते थांबलं. थांबलं तेच वाईट होतं. "मामा, यंदा राहू द्या. तुमचं पण वय झालं. मीच तुम्हा दोघांना इकडं घेऊन येतो ना. नैवेद्य इथं दाखवू. एकच बात आहे की."

एकच बात नव्हती. पण भाचा प्रेमाने बोलत होता, त्यामुळे भांडताही येईना. नामदेवरावांनी ताटी सोडली, फुटपाथवर ठेवली आणि गाडी थंड होईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले. साधी एक गाडी आपल्याला थंड ठेवता येत नाही आणि एका बहिणीला आपण माहेरी आणू शकत नाही, असं त्यांना वाटलं. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी अक्काचा फोन आला.

"नाम्या, काय करायलास?"

"काही नाही. अक्का, गाडीचं काही खरं नाही गं."

"गाडीचं कोण इचारायलंय? तू येयलास का नाही, ते सांग."

"हर्ष नको म्हणतोय. बॉनेटला हात लावून बघणार म्हणतोय."

"लावू दे की. तू सकाळीच ये. त्याचं मी बघते."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी उजाडतानाच नामदेवराव निघाले. पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, डिकीत पाण्याचे कॅन. रस्ते मोकळे होते, वारा गार होता, गाडी मुकाट चालली. तरी चालून आलेल्या गाडीचं बॉनेट गरम असणारच. हर्षवर्धन बाल्कनीतून पाहत होता आणि चप्पल घालून खाली यायला निघालाच होता. इथे अक्का दारात आडवी आली.

"मुराळी आलाय. आधी चहा," ती म्हणाली.

चहा झाला. मग उप्पीट. मग अक्काला आठवलं की मुराळ्याला नुसतं उप्पीट देऊन पाठवू नये, म्हणून शिरा. शिऱ्याला हर्षवर्धनला वेलदोडे आणायला पाठवलं. मग ती न्यायची परवानगी. अक्काने ती लगेच दिली नाही. किती दिवस नेणार, घरी कोण कोण आहे, आंबे कोणते आणलेत, सगळी चौकशी केली. नामदेवराव पाटावर बसून आज्ञाधारकपणे उत्तरं देत होते. शेवटी "ने बाबा," असं ती म्हणाली तेव्हा ऊन भिंतीवरून अंगणात उतरलं होतं. हर्षवर्धनने खाली जाऊन बॉनेटला हात लावला. बॉनेट सावलीत उभं राहून माठासारखं गार झालं होतं. त्याने एकदा मामाकडे आणि एकदा आईकडे पाहिलं, आणि पिशवी डिकीत ठेवली.

पण बॉनेट गार करण्यात सकाळचा गारवा संपून गेला होता, ही या बेतातली खोट रस्त्यावर आल्यावर लक्षात आली. मूसापेटला काटा अर्ध्यावर होता. भरतनगरचा पूल चढताना तो वर सरकला. एर्रागड्ड्याला पुढे बस, मागे बस, आणि मागच्या वर्षीचा तोच दुभाजक खिडकीबाहेर दिसू लागला तेव्हा काटा लालच्या अगदी दाराशी होता. नामदेवरावांनी काचा खाली केल्या.

"अक्का, एक उपाय आहे. पण हीटर लावावा लागंल."

"म्हंजी?"

"इंजिनाची गर्मी आत आपल्या अंगावर घ्यायची."

"जन्मभर चुलीपुढं बसले," ती म्हणाली. "लाव."

एप्रिलच्या टळटळीत दुपारी हैदराबादच्या रस्त्यावरून हीटर पूर्ण लावलेली एक गाडी, काचा उघड्या, आत दोन म्हातारी माणसं, असं ते दृश्य अमीरपेटपासून नारायणगुड्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं. पायांवर भट्टीची हवा येत होती. अक्काने पदराने आधी भावाचा घाम पुसला, मग स्वतःचा. काटा हळूहळू उतरला. खैरताबादला सिग्नलवर ती एकदम हसायला लागली, आणि मग नामदेवरावही, आणि सिग्नल सुटला तरी दोघांचं हसणं सुटेना. मागचे हॉर्न वाजवत होते.

दारात तारामतीबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. उकडलेल्या रताळ्यासारख्या दिसणाऱ्या त्या दोघांवरून त्यांनी तो ओवाळून टाकला. माहेरपण सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवला. अक्काने आमरसाची पहिली वाटी स्वतः न घेता भावाला दिली, आणि शुगर असलेल्या त्या माणसाने तीन वाट्या खाल्ल्या. पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. अक्का सकाळी उठून तारामतीबाईंचे डबे लावायची, दुपारी वाऱ्याला दारात आडवी व्हायची, आणि उदगीरच्या गल्लीतल्या मेलेल्या माणसांची अशी चौकशी करायची की ती नुकतीच बाजाराला गेली असावीत. त्या बोलीत आता नामदेवरावांशी बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मुंबई-पुण्याच्या लोकांशी बोलताना ते सावरून बोलायचे. अक्काशी बोलताना जीभ आपोआप सैल व्हायची. ती समोर बसलेली असतानाच त्यांना तिची आठवण यायची, असा तो चमत्कारिक आठवडा होता. नोएडाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मग जायचा दिवस आला. अक्का पार्किंगमध्ये आली, तिने गाडीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. बॉनेटखाली वाळू, नाकाच्या जाळीत वाळ्याच्या काड्या, वर पक्ष्यांचं कर्तृत्व.

"असल्या गाडीतून मला सासरी पोचवतोस? लोक काय म्हणतील? धू आधी."

तिच्यासाठी खुर्ची मांडली गेली. ती बसली आणि नामदेवरावांनी पाइप धरला. तिने आयुष्यात बैल धुवून घेतले होते, त्यामुळे सूचनांना तोटा नव्हता. "पाठीवर काय नुसतं पाणी मारायलास? तोंड धू की. नाकात बघ केवढी घाण अडकली. बैलाचं नाक असं कोंडलं तर चालंल का तो?" नामदेवरावांनी बॉनेट उघडून आतल्या बाजूने रेडिएटरच्या जाळीवर पाण्याचा झोत धरला, आणि गाडीच्या नाकातून गाळ वाहू लागला. आधी लाल चिखल. मग सावरीच्या कापसाचे बोळे. मग पंधरा उन्हाळ्यांचे किडे, फुलपाखरं, एका प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, वाळ्याच्या काड्या आणि सत्यनारायण गारूंची वाळू. पाणी स्वच्छ यायला कितीतरी वेळ लागला.

त्यानंतर गाडी सुरू केली तर काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला. इंजिन चालू ठेवलं, तरी काटा हलेना. विजयने बंदूक आणून नेम धरला आणि म्हणाला, वॉशरमुळे झालेला फायदा आता दिसतोय. मस्तानभाईंनी फोनवरून सगळं श्रेय पट्टीला दिलं. गारू म्हणाले, वाळूने इंजिन आतून घासून निघालं. नामदेवरावांनी कुणाशीच वाद घातला नाही. त्यांचं लक्ष तारामतीबाई अक्काची ओटी भरत होत्या तिकडे होतं.

गाडी निघाली. इतकी चांगली ती नवी असतानाही चालली नव्हती. आणि हैदराबादच्या सिग्नलांनीही त्याच दिवशी सज्जनपणा करायचं ठरवलं होतं. लिबर्टी हिरवा, खैरताबाद हिरवा, पंजागुट्टा हिरवा. एरवी जिथे माणूस म्हातारा होतो त्या अमीरपेटला रस्ता रिकामा. नामदेवराव सावकाश चालवत होते, तरी रस्ता संपत होता. अक्का ओटीचे तांदूळ पदरात धरून बाहेर बघत होती. एसीची गार झुळूक येत होती. एर्रागड्डा आलं आणि गेलंसुद्धा. आता पूल, मग मूसापेट, मग घर.

पूल उतरल्यावर नामदेवरावांनी एकदम गाडी डावीकडे घेतली आणि एका कडुनिंबाखाली थांबवली.

"काय झालं रे?"

"तापली," नामदेवराव समोर बघत म्हणाले. "गाडी तापली, अक्का. थोडं थांबावं लागंल."

काटा मध्यावर होता. अक्काला गाडीतलं काही कळत नसे, पण त्या काट्याकडे तिने येताना वाटभर टक लावून पाहिलेलं होतं. तिने आता काट्याकडे पाहिलं. मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"थांबू की मग," ती म्हणाली. "चांगली गार होऊ दे. घाई कशाची हाय."

नामदेवरावांनी इंजिन बंद केलं आणि काचा खाली केल्या. झाडाखाली बऱ्यापैकी वारा होता. अक्काने पिशवीतून आंबा काढला, तो घोळून मऊ केला आणि अर्धा चोखून भावाच्या हातात दिला. गाड्या जात होत्या. मग अक्काचा फोन वाजला. हर्षवर्धन होता, कुठपर्यंत आलात म्हणून विचारत होता.

"अरे, गाडी तापली बघ," अक्का म्हणाली. "लईच तापली. पुलापाशी थांबलोय. न्यायला-बियला येऊ नको, मी सावलीत हाय. मामा? मामा पाणी आणायला गेलाय. हौ, लांब गेलाय. त्याला वेळ लागंल."

तिने फोन पिशवीत ठेवला आणि शेजारी बसलेल्या भावाच्या हनुवटीवरचा रस पदराने पुसला.